अंगठा

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत आमचं घर.
माग विकला तेव्हा अठरा हजार आले,
त्यातले नऊ मोबाइलात गेले.
बाकीच्याचं मले इचारू नका.

सुरुवातीले मी फक्त रांगोळ्या पाहत होती.
मंग वड्या, मंग गुडघ्याचं तेल,
मंग कोन्या सुनेनं सासूले देल्लेला जबाब.
अंगठा वर सारायचा, आनखी सारायचा,
जशा कांड्या भरताना हात आपल्याआप चालते
न डोकं भलतीकडंच असते.

एका राती एक पोट्टा आला.
ठेल्यावर उभ्यानं तर्री-पोहे खाऊन राहिला होता.
रस्सा कोपरापर्यंत ओघळला,
त्यानं शर्टाच्या बाहीले पुसला.
आमचा गुणवंत असाच पुसे.
बापासंग भांडून सुरतले गेला, सहा वर्षं झाले,
जाताना बापाच्याच चपला घालून.

तो माहा पोट्टा नव्हता. मले दिसत होतं.
तरी अंगठा थांबला,
चार-पाच सेकंद असन.
हे म्या कोनाले सांगतलं नाई. शालिकरावांलेही नाई.
देवापुढंही बोलली नाई.

दुसऱ्या दिवशी दोन पोट्टे आले,
एक समोसा खानारा, एक उसाचा रस पिनारा.
आठ दिवसांत रांगोळ्या बंद.
सक्करदऱ्याचे, इंदूरचे, कुठचे कुठचे पोट्टे,
सारे जेवून राहिले
न मी उपाशी पाहून राहिली.
मंग वाट पाहनाऱ्या माया आल्या, मागून बासरी.
मंग दारात मायच्या पाया पडनारा एक,
तो म्या अकरा वेळा पाह्यला.
मंग घर सोडलेल्यांले तीन दिवसांत परत आननारा बाबा.
फी पाचशे एक.

म्या भरली.

पलीकडची रोशना मिहानमधी कामाले जाते.
ती म्हने, मावशी, त्याले तुम्ही माहीत नाई,
गुणवंत तं बिलकुल माहीत नाई.
त्याले फक्त अंगठा माहीत हाये,
कुठं थांबते, किती थांबते.

शालिकरावांच्या मागाले डॉबी होती.
लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांत खुंट्या.
खुंटी असली तं दोरा वर, नसली तं खाली.
पाय मारायचे त्याइनं, किनार ठरवायची खुंट्याइनं.
पन खुंट्या ते सोताच्या हातानं ठोकत,
बिडी विझवून, माहे नाई तं शेजारनीचे लुगडे पाहून.

आता ओट्यावर बसनं सुटलं.
वांगे करपते. शालिकराव काही म्हनत नाई,
करपलेलं काढून ठेवते ताटाच्या काठाले.
राती तीनले जाग येते
तं हात आधीच उशाखाली गेलेला असते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
मारबत निघाली. गल्लीतले ढोल भिताडाले लागत होते,
लेकरं ओरडत होते, खोकला घेऊन जा, ढेकनं घेऊन जा.
सारी गल्ली बाहेर न मी खाटेवर.
एक पोट्टा बस स्टँडावर उतरला होता,
हातात बॅग, दोन वळनांवर त्याचं घर,
आता माय दार उघडन, आता उघडन,
तेवढ्यात वरून एक पट्टी उतरली. नवा नंबर.
अंगठ्यानं ती वर सारली.

म्या नाई. अंगठ्यानं.

दार उघडलं. माय रडली. दुसरा पोट्टा आला.

ढोल लांब गेले तेव्हा मले त्या नंबराचे आकडे दिसले.
लावला. कोन्या चहावाल्यानं उचलला,
मागं पॉवरलूमचा खडखडाट,
तो आवाज मी झोपेतही ओळखतो म्हनत शालिकराव जवळ आले.
हाँ, एक लडका था, चहावाला म्हने,
फोन माँगा, लगाया, कटा, दे के चला गया.
कैसा लडका? यहाँ तो सब वैसेच हैं.

म्या इचारलं, फोन कटल्यावर तो थांबला होता का?
कितनी देर रुका?

तो हसला नाई, रागावलाही नाई.
कौन गिनता है, माँजी.